'इंग्रजीतच विचार करा' : एका उपदेशाची चिकित्सा

१

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी एम. ए.चे प्रवेश सुरू झाले की भुदरगड, आजरा, चंदगड, शाहूवाडी, शिराळा, पाटण अशा तालुक्यांतून आलेली मुले-मुली कोल्हापुरात इंग्रजी विभागाच्या दारात उभी राहतात. त्यांतील बहुतेकांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते. पदवीपर्यंतचे इंग्रजी साहित्य त्यांनी मराठीतून समजावून घेतलेले असते आणि परीक्षेत ते पाठ केलेल्या इंग्रजीत उतरवलेले असते. ह्या विद्यार्थ्याने प्राध्यापकांना पहिला प्रश्न विचारला, की "सर, माझे इंग्रजी कच्चे आहे, काय करू?", तर त्याला मिळणारे उत्तर ठरलेले असते : इंग्रजी वर्तमानपत्र वाचा, मराठी बोलणे कमी करा आणि मुख्य म्हणजे इंग्रजीतच विचार करा. प्रस्तुत लेखकालाही विद्यार्थिदशेत हाच उपदेश मिळाला होता आणि पुढे शिक्षक झाल्यावर काही वर्षे त्यानेही तो इमानेइतबारे पुढे पोचवला. ह्या लेखातील टीका म्हणूनच बाहेरच्या माणसाची नाही.

हा उपदेश वरवर निरुपद्रवी, किंबहुना हितकारक वाटतो. तो देणाऱ्याच्या मनात विद्यार्थ्याविषयी आस्था असते, हेही नाकारण्याचे कारण नाही. परंतु एखादा सल्ला सद्हेतूने दिलेला असणे आणि तो बरोबर असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की 'इंग्रजीतच विचार करा' ह्या उपदेशाच्या पोटात भाषेविषयीचा एक चुकीचा सिद्धान्त दडलेला आहे, त्या सिद्धान्ताने विद्यार्थ्याचे इंग्रजी सुधारत नाहीच, शिवाय त्याची साहित्यसमीक्षेची कुवत उगवण्याआधीच खुडली जाते. मराठी समीक्षेला लागलेली परभृततेची जी खोड आपण वारंवार चघळतो, तिचे एक उगमस्थान ह्या प्रवेशाच्या दिवसांतील पाच मिनिटांच्या संभाषणात आहे.

आपल्याकडे 'गाईड' ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. बाजारात मिळणारे, प्रश्नोत्तरांनी भरलेले पुस्तक ते गाईड, आणि संशोधनाला मार्गदर्शन करणारा प्राध्यापक तोही गाईड. एकाच शब्दात हे दोन अर्थ सुखाने नांदतात, ह्यात भाषेने आपल्या व्यवस्थेवर केलेले भाष्य आहे. पहिला गाईड विद्यार्थ्याला तयार उत्तर देतो, दुसरा तयार विषय देतो. अमुक कादंबरीकाराच्या निवडक कादंबऱ्यांतील परात्मता, तमुक लेखिकेच्या कथांतील स्त्रीप्रतिमा : लेखकाचे नाव बदलावे, की नवा प्रबंध तयार. दोन्ही गाईडांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की ह्या विद्यार्थ्यापाशी स्वतःचे असे काही नाही.

२

आपल्या शिक्षणव्यवहारातील एक संज्ञा पाहा : 'उपचारात्मक अध्यापन'. ज्यांचे इंग्रजी कच्चे, त्यांच्यासाठी महाविद्यालये असे वर्ग चालवतात. उपचार रोगावर करतात. मग येथे रोग कोणता? विद्यार्थ्याच्या वाक्यातून डोकावणारी मराठी, हा रोग. ही केवळ शब्दाची गफलत नाही. मातृभाषेची रचना नव्या भाषेच्या शिक्षणात विघ्न आणते, हा विचार विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत शास्त्र म्हणून मांडला गेला. रॉबर्ट लाडो ह्यांचे 'लिंग्विस्टिक्स अ‍ॅक्रॉस कल्चर्स' हे पुस्तक १९५७ सालचे. लाडो हे स्पॅनिश स्थलांतरितांचे पुत्र होते आणि इंग्रजी शिकणाऱ्या स्पॅनिशभाषकांच्या अडचणी हा त्यांच्या अभ्यासाचा एक मुख्य आधार होता. दोन भाषांत जे समान ते सोपे आणि जे भिन्न ते अवघड, असे त्यांच्या सूत्राचे सार सांगता येईल. सूत्र उपयुक्त होते. मात्र वर्गात पोचेपर्यंत त्याचा अर्थ एवढाच उरला, की मातृभाषा हा अडथळा आहे आणि तो सवयीच्या घोटवणीने दूर करावयाचा आहे.

दहाच वर्षांनी, १९६७ साली, एस. पिट कॉर्डर ह्यांनी ह्या विचाराला छेद दिला. शिकणाऱ्याची चूक ही सवयीतला दोष नव्हे. तो भाषेविषयी जे अंदाज बांधत असतो त्यांचा ती पुरावा असते, आणि शिक्षकाने तो पुरावा वाचावयास शिकले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. शिकणाऱ्याची अशी मधली भाषा स्वतःचे नियम असलेली एक व्यवस्था असते, हे लॅरी सेलिंकर ह्यांनी १९७२ साली मांडले. म्हणजे 'उपचार' ह्या कल्पनेचा शास्त्रीय पाया अर्ध्या शतकापूर्वीच खचलेला आहे. आपल्या महाविद्यालयांत मात्र त्या पायावरची इमारत अद्याप उभी आहे. कारण ती शास्त्रावर उभी नव्हतीच. ती लाजेवर उभी होती.

ह्या लाजेचे शास्त्र कोल्हापूरपासून फार दूर, टेक्ससच्या सरहद्दीवर अधिक उघडपणे पाहावयास मिळते. ग्लोरिया अंझाल्डुआ ह्या चिकाना लेखिकेने 'बॉर्डरलँड्स' (१९८७) ह्या पुस्तकात आपल्या विद्यापीठीय दिवसांची आठवण सांगितली आहे. पॅन अमेरिकन युनिव्हर्सिटीत तिला आणि सर्व चिकानो विद्यार्थ्यांना उच्चारणाचे दोन वर्ग सक्तीचे होते, आणि त्यांचा हेतू त्यांच्या इंग्रजीतील स्पॅनिश हेल घालवणे हा होता. शाळेत मधल्या सुट्टीत स्पॅनिश बोलल्याबद्दल छडी खाल्लेल्या मुलीला विद्यापीठाने पुढचा सल्ला दिला तो असा. तिने तो मानला असता, तर दोन भाषांच्या सांध्यावर उभे राहून लिहिलेले ते पुस्तक जन्माला आले नसते. जगभरच्या इंग्रजी विभागांत, आपल्याकडेही, ते आज पाठ्यपुस्तक म्हणून नेमले जाते. विरोधाभास असा, की आपण वर्गात अंझाल्डुआ शिकवतो आणि वर्गाबाहेर विद्यार्थ्याला मराठी बोलू नकोस असे सांगतो.

कोल्हापूरच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ह्या लाजेला आणखी एक पदर आहे. इंग्रजीने त्याला लाजवण्यापूर्वी प्रमाण मराठीने त्याला लाजवलेले असते. 'करायलोय' म्हणू नको, 'करतोय' म्हण. घरी 'मी जातो', 'मी आलो' असे बोलणारी ह्या भागातली मुलगी पुण्यात गेली, की तिच्या क्रियापदाच्या लिंगावर लोक हसतात. स्त्रीने बोलताना क्रियापद कोणते लिंग धारण करते, हा प्रश्न स्त्रीवादी समीक्षेने पुस्तकेच्या पुस्तके खर्ची घालावीत असा आहे, आणि ही मुलगी तो प्रश्न जिभेवर घेऊन वर्गात आलेली आहे. तिला कोणी त्याविषयी विचारत नाही. बोली, प्रमाण भाषा, इंग्रजी अशा तीन पायऱ्या चढताना प्रत्येक पायरीवर तिला मागची भाषा बाहेर ठेवून यावयास सांगितले जाते.

३

ह्यावर असे म्हटले जाईल, की ही सारी भावनिक बाजू झाली, प्रश्न अखेर कौशल्याचा आहे. म्हणून आता प्रत्यक्ष वाक्येच घेऊ.

आपल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत वारंवार आढळणारे एक वाक्य असे : 'ही सेड दॅट आय विल कम टुमारो'. तपासनीस त्यात तीन चुका दाखवतो. सर्वनाम बदलले नाही, काळ बदलला नाही, कालवाचक शब्द बदलला नाही. पण मराठीत 'तो म्हणाला, की मी उद्या येईन' हे वाक्य पूर्णतः निर्दोष आहे. मराठीचा 'की' बोलणाऱ्याचा पुरुष, काळ आणि त्याचा 'उद्या' तसाच शाबूत ठेवून पुढे नेतो. इंग्रजी अप्रत्यक्ष कथन ते सारे निवेदकाच्या ताब्यात घेते. विद्यार्थ्याची चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. परकीय भाषेतील अवतरणावर त्याने आपल्या भाषेची निष्ठा लादली आहे : दुसऱ्याचे बोलणे त्याचेच राहू दे, अशी ही निष्ठा आहे.

हे शिक्षकाने ओळखले तर काय होईल? नियम पाठ करून घेण्याऐवजी तो विद्यार्थ्यासमोर जेन ऑस्टिनची 'एमा' (१८१५) उघडील. त्या कादंबरीत पात्राचे मन आणि निवेदिकेचा आवाज एकाच वाक्यात असे मिसळतात, की कोण बोलते आहे हे क्षणभर कळत नाही. समीक्षेत ह्या शैलीला मुक्त अप्रत्यक्ष कथन म्हणतात. इंग्रजीत ही किमया साधते ती नेमकी काळ आणि पुरुष ह्यांच्या त्या बदलामुळे. तृतीय पुरुष आणि भूतकाळ निवेदिकेचे राहतात, 'आता' आणि 'उद्या' मात्र पात्राचे. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे, त्याला ही शिवण सहसा दिसत नाही, कारण ती त्याच्या अंगवळणी पडलेली असते. मराठी विद्यार्थी त्या शिवणीवर दररोज ठेचाळतो, म्हणूनच तो ती दाखवू शकतो. मग त्याला पुढचा प्रश्न विचारता येईल : मराठी कादंबरीत पात्राचे मन निवेदनात कसे उतरते? 'म्हणे' हा चिमुकला शब्द काय करतो? 'तो म्हणे आजारी आहे' ह्या वाक्यात बातमी दुसऱ्याची आहे आणि तिच्याविषयीचा संशय कदाचित आपला. ह्या 'म्हणे'साठी इंग्रजीला पुष्कळदा अख्खे उपवाक्य खर्चावे लागते. उत्तरपत्रिकेतील एका 'चुकी'पासून निवेदनमीमांसेच्या गाभ्यापर्यंत पोचावयास एक तास पुरतो. आपण मात्र तांबड्या शाईची रेघ ओढून पाच सेकंदांत मोकळे होतो.

दुसरे उदाहरण सर्वनामाचे. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' असे दोन शब्द आहेत. 'आपण'मध्ये ऐकणारा येतो, 'आम्ही'तून तो वगळला जातो. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच 'वुई'. व्याकरणाच्या तासाला ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते. परंतु टी. एस. एलियट ह्यांचा परंपरेवरील प्रसिद्ध निबंध (१९१९) वाचावयास घ्या. तो सुरू होतो तो इंग्रजी लेखनातील 'वुई'पासून, आणि होमरपासूनचे सारे युरोपीय वाङ्मय ज्याच्या हाडामांसात भिनले आहे अशा लेखकापर्यंत जातो. कोल्हापुरातला विद्यार्थी तो निबंध पाठ करतो, त्यावर उत्तरे लिहितो, आणि त्यातल्या 'वुई'चे मनातल्या मनात भाषांतर करतो ते 'आपण' असे. वास्तविक ते 'आम्ही' आहे. त्यात हा विद्यार्थी नाही, नव्हता, आणि त्याला वगळले जात आहे ह्याची लेखकाला जाणीव असण्याचेही कारण नव्हते. 'हे आपण, की आम्ही?' हा प्रश्न मराठी भाषकाला त्याच्या व्याकरणानेच बहाल केलेला आहे. वसाहतोत्तर समीक्षेची जाडजूड पुस्तके ज्या प्रश्नाशी घुटमळतात, तो प्रश्न त्याला सर्वनामात मिळालेला आहे. 'इंग्रजीतच विचार करा' असे सांगणारा मार्गदर्शक त्याच्या हातातून नेमके हे हत्यार काढून घेतो.

येथे स्पॅनिशभाषकाची आठवण पुन्हा होते. 'मला हे आवडते' असे मराठीत आपण म्हणतो, तेव्हा आवडणारी वस्तू कर्ता असते आणि माणूस चतुर्थीत असतो. स्पॅनिशमधील 'मे गुस्ता' ह्या रचनेची घडण हुबेहूब अशीच आहे. स्पॅनिशमध्येही नामांना लिंग असते, तिथेही क्रियापदावरून कर्ता कळत असल्यामुळे तो गाळता येतो, तिथेही जवळिकीचा आणि आदराचा असे दोन द्वितीय पुरुष असतात. इंग्रजीच्या दारात लिमाचा विद्यार्थी आणि गारगोटीचा विद्यार्थी पुष्कळदा एकाच दगडाला अडखळतात. इंग्रजीत आवडणे, वाटणे, आठवणे ह्या साऱ्यांचा कर्ता 'मी' होतो. मराठीत ह्या गोष्टी माझ्याकडे येतात. अनुभवाच्या कर्तृत्वाची ही दोन भिन्न दर्शने आहेत. त्यांची तुलना करावयाची, तर दोन्ही भाषा टेबलावर लागतात. एक भाषा बाहेर ठेवून तुलना होत नाही, फक्त नक्कल होते.

४

हे म्हणणे नवे नाही. कोल्हापूरच्या मातीत ते प्रत्यक्ष जगले गेले आहे, आणि म्हणूनच येथील विस्मरण अधिक बोचते.

माधव जूलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन राजाराम महाविद्यालयात फारसी शिकवीत. फारसीच्या अध्यापकाने मराठीत गझल आणली, मराठी पद्याचे शास्त्र 'छंदोरचना'त बांधले, आणि मुंबई विद्यापीठाने १९३८ साली त्यांना डी. लिट्. दिली. फारसी छंदांचा कान असल्यामुळे त्यांना मराठी वृत्तांचे वेगळेपण ऐकू आले. त्याच महाविद्यालयाचे प्राचार्यपद पुढे वि. कृ. गोकाक ह्यांनी भूषविले. ते इंग्रजीचे प्राध्यापक आणि कन्नडचे कवी. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचे ते संचालक झाले, आणि कर्नाटकातील शाळांत कन्नडला प्रथम स्थान द्यावे अशी शिफारस करणारा १९८१ सालचा अहवालही त्यांच्याच समितीचा. इंग्रजी अध्यापनाची राष्ट्रीय संस्था चालवणाऱ्या माणसाला मातृभाषेचे प्रथम स्थान आणि इंग्रजीचे उत्तम अध्यापन ह्यांत विसंगती दिसली नाही. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचे प्रमुखपद सांभाळणारे शांतिनाथ देसाई हे कन्नडचे महत्त्वाचे कादंबरीकार. मराठी मुलुखात राहून, इंग्रजी शिकवून, त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या कन्नडमध्ये, आणि 'ओम णमो'ला २००० सालचा साहित्य अकादेमी पुरस्कार त्यांच्या निधनानंतर मिळाला. ह्याच विद्यापीठातून इंग्रजीची पीएच. डी. घेतलेल्या गणेश देवी ह्यांनी 'आफ्टर अ‍ॅम्नेशिया' (१९९२) लिहून आधुनिक भारतीय समीक्षेच्या स्मृतिभ्रंशाचे निदान केले : मधल्या शतकांतील भाषांच्या परंपरा विसरून ही समीक्षा एकीकडे संस्कृतकडे आणि दुसरीकडे पश्चिमेकडे पाहत राहिली, असे ते निदान.

कोल्हापूरबाहेर पाहिले तरी चित्र तेच. भालचंद्र नेमाडे आणि विलास सारंग दोघेही इंग्रजीचे प्राध्यापक. दोघांच्या वाङ्मयीन भूमिका परस्परांपासून दूर. परंतु आपण शिकवतो त्या भाषेतच विचार करावा, हा उपदेश दोघांपैकी कोणीही पाळलेला दिसत नाही. 'टीकास्वयंवर' (१९९०) मान्य असो वा अमान्य, ते पुस्तक दोन भाषा एकाच वेळी जागत्या ठेवणाऱ्या मनाचे आहे. आधुनिक मराठी समीक्षेला वळण देणाऱ्यांत इंग्रजीच्या अध्यापकांचा वाटा किती मोठा आहे, हे वेगळे सांगावयास नको. तो वाटा त्यांनी मराठी विसरून नव्हे, तर ती बरोबर घेऊन उचलला. मग जे आपल्या पूर्वसूरींना फळले, ते आपण आपल्या विद्यार्थ्यांना का नाकारतो?

५

ह्या भूमिकेवर येणारा सर्वांत गंभीर आक्षेप सामाजिक आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मराठीचे कौतुक ज्यांनी करावे त्यांची मुले इंग्रजी शाळांत जातात. शोषितांच्या मुलाला मात्र मातृभाषेचे माहात्म्य ऐकवले जाते, असा तो आक्षेप. त्यामागे मोठी परंपरा उभी आहे. सावित्रीबाई फुले ह्यांच्या 'काव्यफुले' (१८५४) ह्या संग्रहात इंग्रजी शिकण्याची हाक आहे. ज्यांना संस्कृतची दारे बंद होती, त्यांना इंग्रजीने दार उघडून दिले, हे ऐतिहासिक सत्य आहे. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला नेट उत्तीर्ण व्हावयाचे असते, मुलाखत द्यावयाची असते. त्याच्यापाशी वेळ नसतो, पैसा तर त्याहून नसतो. त्याला निवेदनमीमांसा नको, धड चार वाक्ये हवीत, असे म्हणणाऱ्याचा राग मला समजतो.

परंतु ह्या परंपरेचा नीट विचार केला, तर ती 'इंग्रजीतच' असे म्हणत नाही. सावित्रीबाईंनी इंग्रजीची हाक दिली ती मराठी कवितेतून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला तो मराठीत, आणि त्याला राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य होते. त्याच वर्षी मार्चमध्ये कोल्हापूर संस्थानातील माणगावची परिषद झाली, आणि त्याच वर्षी ते अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. जातिव्यवस्थेच्या निर्मूलनाचा १९३६ सालचा प्रबंध इंग्रजीत, समाजाशी संवाद मराठीत : कोणत्या श्रोत्याशी कोणत्या भाषेत बोलावयाचे ह्याची निवड त्यांच्या हाती होती. मुक्ती ह्या निवडीत आहे. एक भाषा हिरावून दुसरी देणे ही मुक्ती नव्हे, ती बदली आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभारली आणि १९१७ पासून सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. त्यामागचे सूत्र हेच होते, की खेड्यातला मुलगा आहे तसा आत यावा. आत येण्यासाठी त्याने आपले काही दारात सोडून यावे, अशी अट त्यात नव्हती.

आणि व्यवहाराचाच विचार करावयाचा, तर 'इंग्रजीतच विचार करा' हा उपदेश व्यवहारातही फसतो. ज्या भाषेत आपल्यापाशी पुरेसे शब्द नाहीत त्या भाषेतच विचार करावयाचा, तर विचारच शब्दांच्या मापाने कापावा लागतो. विद्यार्थी तेच करतो. त्याला 'एमा'विषयी जे वाटले ते तो लिहीत नाही. जे लिहिता येते तेवढेच त्याला वाटू लागते. ह्या पोकळीत बाजारातला गाईड शिरतो. गाईडची विक्री थांबत नाही ह्याचे कारण विद्यार्थ्याचा आळस नव्हे. आपण त्याच्यापाशी दुसरी वाटच ठेवलेली नसते.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा. देशीयतेचा झेंडा घेतलेले काही जण म्हणतील, की मग इंग्रजीचा हा खटाटोप हवाच कशाला? विद्यार्थ्याने मराठीतच वाचावे, लिहावे. ह्या मंडळींशी माझा वाद तितकाच तीव्र आहे. इंग्रजी विभागात आलेल्या विद्यार्थ्याचे मोडके इंग्रजी 'देशी' म्हणून गोंजारणे ही त्याची फसवणूक आहे. दया हा तुच्छतेचाच सौम्य अवतार होय. प्रबंध इंग्रजीत असेल, तर त्याचे इंग्रजी निर्दोष असलेच पाहिजे. वाद मुक्कामाविषयी नाही, वाटेविषयी आहे.

६

आता मार्गदर्शनाच्या नव्या व्यवस्थेविषयी. नॅकच्या मूल्यांकनात मार्गदर्शक आणि विद्यार्थी ह्यांचे प्रमाण विचारले जाऊ लागल्यापासून महाविद्यालयांत 'मेंटॉर-मेंटी'च्या फायली तयार होऊ लागल्या. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक, भेटींच्या तारखा, सह्या, अडचणीच्या रकान्यात 'इंग्रजीची भीती' आणि उपायाच्या रकान्यात 'वाचन वाढविण्यास सांगितले'. फाईल पूर्ण होते, मार्गदर्शन व्हावयाचे राहते. कारण विद्यार्थी काय वाचून आला आहे, कोणत्या भाषेत वाचून आला आहे, हा प्रश्न त्या छापील नमुन्यात सहसा नसतो.

माझ्या मते मार्गदर्शनाचा आरंभ तेथून व्हावा. पहिल्या भेटीत विद्यार्थ्याला एखाद्या कथेविषयी एक पान मराठीत लिहावयास सांगावे, त्याच कथेविषयी एक पान इंग्रजीत. दोन पानांतील अंतर हाच त्याचा वर्षाचा अभ्यासक्रम. मराठी पानात विचार असेल आणि इंग्रजी पानात नसेल, तर प्रश्न भाषेचा आहे आणि तो सुटण्यासारखा आहे. दोन्ही पानांत विचार नसेल, तर प्रश्न वाचनाचा आहे, आणि तो कितीही इंग्रजी बोलून सुटणार नाही. आज आपण ह्या दोन प्रकारच्या विद्यार्थ्यांना एकाच उपचाराच्या वर्गात बसवतो.

प्रबंधाचा विषय ठरवताना मार्गदर्शकाने आणखी एक कसोटी लावावी : ह्या विषयाला मराठी येण्याची गरज आहे काय? जो प्रबंध लीड्समधला किंवा लिव्हरपूलमधला विद्यार्थी अधिक चांगला लिहू शकेल, तो कोल्हापुरात कशासाठी लिहावयाचा? उलट मुक्त अप्रत्यक्ष कथनाचे मराठी अनुवादांत काय होते, 'वुई'चे भाषांतर मराठी समीक्षकांनी कसकसे केले, सीमाभागातील लेखकाच्या वाक्यात कन्नड कोठे ऐकू येते, हे विषय येथेच होऊ शकतात. मराठी आणि इंग्रजी ह्या दोन विभागांमध्ये अंतर काही पावलांचेच असते. एका परिसंवादवर्गात दोन्हीकडचे विद्यार्थी एकत्र बसवावयास शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

ह्या साऱ्यासाठी एक अट मात्र आहे आणि ती विद्यार्थ्याला लागू नाही. मार्गदर्शकाला मराठी वाचता आली पाहिजे. लिपी वाचता येणे म्हणजे मराठी वाचणे नव्हे; मराठीत काय लिहिले जात आहे, ह्याचा त्याला पत्ता हवा. आपल्या इंग्रजी विभागांत असे प्राध्यापक आहेत, ज्यांनी गेल्या कित्येक वर्षांत मराठी कादंबरी उघडलेली नाही, आणि ते हे अभिमानाने सांगतात. विद्यार्थ्याला 'मराठी बाहेर ठेव' असे सांगताना ते त्याच्या उणिवेविषयी बोलत नसतात, आपल्या उणिवेचे रक्षण करीत असतात. विद्यार्थ्याने मराठी आत आणली, तर ह्या खोलीत कमी जाणणारा कोण, हे तत्काळ उघड होईल.

भुदरगडहून आलेली मुलगी पुढच्या जूनमध्ये पुन्हा त्या दारात उभी असेल आणि तोच प्रश्न विचारील. तिला वर्तमानपत्र वाचावयास अवश्य सांगावे, शब्दकोश हाताशी ठेवावयास सांगावे, दररोज एक पान लिहून आणावयास सांगावे आणि ते काटेकोरपणे तपासावे. मात्र कोणत्या भाषेत विचार करावा, हे तिला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याऐवजी तिला विचारावे, "तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात?" आणि उत्तर आले, की ते लिहून घ्यावे.